वाढीच्या डुकरांचा खुराक आणि पाचकरस : घरचे सोयाबीन, डाळमिलची चुनी आणि हॉटेलचे उरलेले अन्न

मांजराकाठ

लातूर जिल्ह्यात आमचे लहानसे वराहपालन आहे. यॉर्कशायर संकराची पिल्ले दूध तोडल्यानंतर आम्ही स्वतःच वाढवतो. यंदा मोंढ्यात सोयाबीनला हमीभावाइतकाही दर निघेना, त्यामुळे घरचा माल पडत्या भावाने घालण्यापेक्षा तो जनावरांच्या खुराकात वळवावा, असे घरात ठरले. सध्या निम्म्याहून थोडी अधिक ज्वारी व मका, चौथा हिस्सा कच्च्या सोयाबीनचा भरडा आणि उरलेल्या भागात गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण व मीठ असा खुराक चालू आहे. हिशेब मांडला तर प्रथिने १६ ते १७ टक्क्यांच्या घरात येतात, म्हणजे २० ते ५० किलो वजनाच्या डुकरांसाठी पुस्तकात जे सांगितलेले असते त्याच्या जवळपास.

तरीही वजन लागत नाही. डुकरे गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ करतात, पण अंगावर भर दिसत नाही, शेण चिकट आणि सैल पडते, आणि त्याच वेतातली जी पिल्ले शेजारच्या गावी डीओसीवर (तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीवर) वाढत आहेत ती नजरेत भरावीत इतकी पुढे गेली आहेत. जंतनाशक देऊन झाले आहे. खाद्याच्या दुकानात विचारले की प्रत्येक जण पाचक पावडरचा वेगळा पुडा पुढे करतो. माझा प्रश्न असा आहे की, खुराक बदलला म्हणून जनावराच्या पोटात स्रवणारे पाचकरसही बदलतात काय, आणि बदलत असतील तर कागदावरच्या प्रथिनांच्या हिशेबाला कितपत अर्थ उरतो?

पशुवैद्यक उदगीर

पाचकरस बदलतात, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तरही बहुतांशी त्यातच आहे.

स्वादुपिंडाचा रस दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी स्रवतो. जठरातला आम्लयुक्त घास लहान आतड्याच्या तोंडाशी आला की तेथील अस्तरातून सिक्रेटिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड पाणी व बायकार्बोनेट सोडते, म्हणजेच आम्ल मारणारा द्रव. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली हे संप्रेरक शोधले, आणि शरीरात एका अवयवाचा निरोप दुसऱ्या अवयवाकडे रक्तातून जाऊ शकतो हे त्यातून प्रथमच स्पष्ट झाले. दुसरे संप्रेरक कोलेसिस्टोकायनिन. स्निग्ध पदार्थ आणि अर्धवट तुटलेली प्रथिने आतड्यात आली की ते स्रवते, आणि त्याच्या इशाऱ्यावर स्वादुपिंडातून विकरे (अन्न तोडणारी एन्झाइमे) व पित्ताशयातून पित्त बाहेर पडते. यांच्या जोडीला मज्जातंतूंचे नियंत्रण असतेच. डुकराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : त्याचे स्वादुपिंड दोन खाण्यांच्या मधल्या काळातही बऱ्यापैकी स्रवत राहते आणि खाल्ल्यावर तो ओघ वाढतो.

विकरांचे आपसांतले प्रमाण खुराकानुसार हळूहळू सरकते. पिष्ट वाढवले की अमायलेज वाढते, तेल-चरबी वाढवली की लायपेज वाढते, प्रथिने वाढवली की ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन वाढतात. हा बदल एका रात्रीत पूर्ण होत नाही. पहिल्या दिवसापासून त्याची सुरुवात होते, पण नवी घडी बसायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. खुराक एकदम बदलू नये, सात-आठ दिवसांत जुन्यात नवा मिसळत न्यावा, असे आम्ही सांगतो त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

आता तुमच्या सोयाबीनविषयी. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अडवणारी प्रथिने असतात. त्यांतले एक कुनिट्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळे केले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. दुसरा गट बोमन-बर्क या नावाचा आहे. हे पदार्थ ट्रिप्सिनला घट्ट चिकटतात आणि त्याला निकामी करतात. ट्रिप्सिन हे साधे एक विकर नव्हे. स्वादुपिंडातून कायमोट्रिप्सिन, इलास्टेज, कार्बोक्सिपेप्टिडेज ही सगळी सुप्त रूपात बाहेर येतात आणि आतड्यात ट्रिप्सिनच त्यांना जागे करते. म्हणून ट्रिप्सिन अडले की प्रथिनांच्या पचनाची सगळी साखळीच अडते.

नुकसान येथेच थांबत नाही. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन पुरेसे आहे तोवर स्वादुपिंडाला लगाम असतो. ट्रिप्सिन अडवले गेले की तो लगाम सुटतो आणि स्वादुपिंड आणखी विकरे ओतत राहते. उंदीर आणि कोंबडीची पिल्ले यांच्यात कच्च्या सोयाबीनवर स्वादुपिंड आकाराने मोठे झालेले दिसते. डुकरांमध्ये तशी ठळक वाढ आढळत नाही, मात्र लहान आतड्याच्या शेवटापर्यंत न पचता वाहून जाणारी, जनावराच्या स्वतःच्याच शरीरातली प्रथिने वाढतात. या विकरांत गंधकयुक्त अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) भरपूर असतात, आणि सोयाबीनमध्ये कमतरता असते ती नेमकी त्यांचीच. थोडक्यात, जनावर तुमच्या गव्हाणीतली प्रथिने तर वाया घालवतेच, वर घरची शिल्लकही खर्च करते.

सोयाबीनला उष्णता दिली की जनावर अधिक वाढते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर १९१७ मध्येच दाखवले होते. डीओसी बनवताना तेल काढल्यानंतर पेंडीला वाफेची उष्णता दिलेली असते. शेजारच्या गावची पिल्ले पुढे गेली याचे कारण मला यातच दिसते. पाचक पावडरीवर पैसे घालवू नका. कच्चे सोयाबीन गव्हाणीत जात आहे तोवर पुडीने हा अडसर दूर होणार नाही.

मांजराकाठ

डॉक्टर साहेब, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आता पुढचा व्यवहाराचा प्रश्न. घरी सोयाबीन भाजले तर ते पुरेसे भाजले गेले हे ओळखायचे कसे? चव घेऊन पाहणे हा एक मार्ग झाला, पण त्यावर विसंबून क्विंटलने माल भाजणे जोखमीचे वाटते.

फुटाण्यांची भट्टी

हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे हरभरा भाजण्याची वाळूची भट्टी आहे आणि गेली काही वर्षे कुक्कुटपालनवाले सोयाबीन भाजून नेतात. नुसते सालपट तडकले म्हणजे दाणा आतून भाजला असे होत नाही. दाण्याचे स्वतःचे तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवे, आणि भट्टीतून काढल्यावर तो लगेच पसरून थंड करण्याऐवजी गोणपाटाखाली ढीग करून अर्धा तास तसाच ठेवला तर आतली उष्णता मध्यापर्यंत उतरते. भाजलेला दाणा दाताखाली कुटकन तुटतो, आत एकसारखा फिकट सोनेरी दिसतो आणि त्याचा हिरवट उग्र वास गेलेला असतो. मधोमध फिकट हिरवा-पांढरा पट्टा राहिला असेल तर तो कच्चाच समजावा.

खात्री करण्यासाठी युरियाची चाचणी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचे विकर असते, जे युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते. उष्णतेने ट्रिप्सिन अडवणारे पदार्थ जसे निकामी होतात तसेच जवळपास त्याच वेगाने हे विकरही निकामी होते, म्हणून कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही त्यावरूनच पेंडीची परीक्षा करतात. घरी करायचे असेल तर दोन चमचे भाजलेल्या सोयाबीनचे पीठ घ्यावे, त्यात खताचा अर्धा चमचा युरिया आणि पीठ भिजेल इतके पाणी घालून ते झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी किंचित ओली करून झाकणाला आतून चिकटवावी, ती पिठाला लागू देऊ नये. शेजारच्या दुसऱ्या बरणीत कच्च्या सोयाबीनचे पीठ घालून तीच कृती करावी, म्हणजे तुलना राहते. कच्च्याच्या बरणीतली पिवळी पट्टी थोड्याच वेळात तांबूस होते आणि झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास येतो. नीट भाजलेल्या मालाची पट्टी पिवळीच राहते, फार तर काठाला थोडी लाल होते.

पशुवैद्यक उदगीर

चाचणी योग्य आहे, तिला दोन पुरवण्या जोडतो. पहिली : ही चाचणी माल कच्चा आहे काय एवढेच सांगते, जास्त भाजला गेला आहे काय हे सांगत नाही. करपलेल्या सोयाबीनमध्ये लायसीन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधले जाते आणि डुकराच्या उपयोगाचे राहत नाही. ज्वारी-मक्याच्या खुराकात लायसीनचाच तुटवडा असतो आणि सोयाबीन घालायचे ते मुख्यतः त्यासाठी, तेव्हा दाणा तपकिरी-काळा करून ठेवला तर सगळा खटाटोप व्यर्थ जाईल. दुसरी : चाचणीतले युरिया मिसळलेले पीठ म्हशीच्या आंबोणात टाकू नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र आले तर अमोनिया झपाट्याने सुटतो आणि विषबाधा होऊ शकते. ते उकिरड्यात पुरावे.

भट्टी जवळ नसेल त्यांनी सोयाबीन रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळाखळा उकळावे. सरपण लागते आणि शिजवलेला माल टिकत नाही, पण दहा-पंधरा डुकरांसाठी हे जमण्यासारखे आहे. पावसात सापडलेला, बुरशी धरलेला डागी माल मात्र भाजूनही सुरक्षित होत नाही, कारण बुरशीचे विष त्या उष्णतेने नष्ट होत नाही.

गोदातीर

चर्चा अभ्यासपूर्ण आहे याबद्दल वाद नाही, परंतु मला एक शंका मांडाविशी वाटते. नांदेडकडे आमच्या भागात गावठी डुकरे पिढ्यान्‌पिढ्या मोकळी फिरत आली आहेत. ती कंद उकरतात, पडलेले धान्य खातात, उकिरड्यावर मिळेल ते खातात, आणि कोणी त्यांचे स्वादुपिंड तपासायला बसत नाही. ती जगतात, वितात, आणि आजारीही कमी पडतात. असे असताना बंदिस्त डुकरासाठी एवढा काटेकोरपणा करणे म्हणजे गरजेपेक्षा अधिक लाड तर नव्हेत?

पशुवैद्यक उदगीर

गोदातीर, शंका रास्त आहे. गावठी डुक्कर जगते हे खरे, पण ते किती दिवसांत किती वजन घेते हे आपण कधी मोजत नाही, कारण त्याच्या खाद्याला आपण पैसे मोजलेले नसतात. त्याला दिवसभरात थोडेथोडे, अनेक प्रकारचे खायला मिळते आणि न मानवणारे सोडून देण्याची मुभा असते. कोंडलेल्या संकरित डुकराला ती मुभा नाही. गव्हाणीत जे पडेल तेच त्याला खावे लागते, आणि वाढीचा वेग मोठा असल्याने पचनातला थोडा बिघाडही त्याच्या वजनात लगेच दिसतो. खाद्याचा खर्च वराहपालनातला सर्वांत मोठा खर्च असतो, म्हणून हा काटेकोरपणा लाडापेक्षा हिशेबाचा भाग आहे, असे मी म्हणेन.

डाळमिल परिसर

आमच्याकडे तुरीची आणि हरभऱ्याची चुनी (डाळ भरडताना निघणारा चुरा), टरफल, भुसा हे भरपूर आणि स्वस्तात मिळते. ओळखीचे काही वराहपालक खुराकाचा तिसरा हिस्सा चुनी-भुशाचा ठेवतात. त्यांची डुकरे पाणी फार पितात, पोटे मोठी दिसतात, पण खाटीक म्हणतो की सोलल्यावर मांस कमी पडते. याचाही पाचकरसांशी काही संबंध असेल काय?

पशुवैद्यक उदगीर

आहे, आणि माझ्या मते या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

चोथा वाढला की रसांचे आकारमान वाढते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी वाढीच्या डुकरांवर काळजीपूर्वक प्रयोग केले. एका गटाला शुद्ध पिष्ट व शुद्ध प्रथिनांचा जवळजवळ चोथाविरहित आहार दिला, दुसऱ्याला धान्याचा, चोथा असलेला नेहमीचा आहार दिला. नेहमीच्या आहारावरच्या डुकरांमध्ये जठररस आणि स्वादुपिंडाचा रस आकारमानाने जवळपास दुप्पट भरला. मात्र प्रथिने पचवणारी विकरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. रस वाढला तो मुख्यतः पाणी व क्षारांनी, म्हणजे तोच माल अधिक पातळ होऊन आला. ४०-५० किलोच्या डुकराच्या पोटात लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडरस मिळून दिवसाला कित्येक लिटर द्रव ओतला जातो आणि त्यातला बहुतेक पुढे आतड्यातून पुन्हा शोषून घेतला जातो. ही ने-आण फुकट होत नाही, तिला ऊर्जा लागते.

दुसरा खर्च बुळबुळीत श्लेष्म्याचा. खरखरीत टरफल आतड्यावरून सरकते तेव्हा अस्तराचे रक्षण करणारा श्लेष्मा अधिक स्रवतो आणि पेशीही अधिक झडतात. श्लेष्म्यातले म्युसिन हे प्रथिन आतड्यात सहजासहजी पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाते आणि तेथे जंतूंच्या तोंडी पडते. म्युसिनमध्ये थ्रिओनीन हे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात असते, म्हणून चोथ्याचा खुराक देणाऱ्याने नुसते लायसीन मोजून भागत नाही, थ्रिओनीनची गरजही वाढलेली असते. खाटकाला जे मांस कमी भरते त्यातला काही भाग अशा रीतीने आतड्याच्या देखभालीत खर्च झालेला असतो, आणि आतडी स्वतःही वजनदार होतात, जी तराजूत जिवंत वजन दाखवतात पण खाटकाच्या कामाची नसतात.

तुरीच्या टरफलात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, तेही प्रथिनांना आणि विकरांना बांधते. शिवाय तूर व हरभऱ्याच्या कच्च्या चुनीत ट्रिप्सिन अडवणारे पदार्थ असतात, सोयाबीनइतके नसले तरी. माझे मत असे की, वाढीच्या डुकरांना चुनी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि टरफल-भुसा गाभण माद्यांकडे वळवावा. त्यांना भूक भागल्याची जाणीव लागते, वेगाने वजन वाढणे नको असते, आणि मोठ्या वयाच्या डुकराचे मोठे आतडे चोथ्याचे आंबवण चांगले करू शकते.

सरकी पेंडेविषयी कोणी विचारण्याआधीच लिहितो, कारण जालना-परभणीकडे ती घरोघरी असते. म्हैस ती पचवते म्हणून डुकराला घालू नये. तिच्यातल्या गॉसिपॉलचे विष डुकराला बाधते.

ज्वारीची कणगी

ज्वारीत टॅनिन असते असे ऐकून आमच्या गावातल्या काहींनी डुकरांना ज्वारी देणेच बंद केले आहे. हे योग्य आहे काय?

पशुवैद्यक उदगीर

पांढऱ्या मालदांडीत टॅनिन नगण्य असते, ती निर्धास्त द्यावी. टॅनिनची अडचण लालसर-तपकिरी, पाखरे टाळतात अशा वाणांची. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडून काळी पडते तिचा दोष बुरशीचा आहे, टॅनिनचा नव्हे. ती देणे टाळावे हे बरोबर. एक सूचना मात्र : ज्वारी बारीक पिठासारखी दळू नये. अतिबारीक दळलेला खुराक जठरात पातळ होतो, आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापर्यंत खेळते, आणि तेथील अस्तराला श्लेष्म्याचे संरक्षण नसल्याने तेथे व्रण पडतात. भाकरीचे पीठ नको, भरडाच हवा, पण तो इतका मोठाही नसावा की अख्खे दाणे शेणात दिसतील.

परभणी विद्यार्थिनी

मी पशुवैद्यक महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. सर, आतड्याच्या आत स्रवणारा रस जिवंत जनावरात लिटरने मोजतात तरी कसा? पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांविषयी आम्हाला शिकवले आहे, पण डुकरांत तीच पद्धत वापरतात काय, हे कळले नाही.

पशुवैद्यक उदगीर

ताई, मूळ वाट पावलोव्ह यांचीच. पचनग्रंथींवरच्या त्या कामासाठी त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले. शस्त्रक्रिया करून ग्रंथीच्या नळीचे तोंड शरीराबाहेर आणायचे आणि जनावर बरे होऊन नेहमीसारखे खाऊ लागल्यावर रस गोळा करायचा, हा त्यांचा मार्ग होता. डुकरात स्वादुपिंडाची नळी पित्तनळीपासून वेगळी, लहान आतड्यात काही अंतर पुढे जाऊन उघडते. त्यामुळे पित्त न मिसळलेला शुद्ध रस मिळवणे सोपे जाते. नळीत बारीक कॅन्युला (रस बाहेर काढण्याची कृत्रिम नळी) बसवून रस बाहेर काढतात, त्याचे माप घेतात, थोडा नमुना तपासणीसाठी ठेवतात आणि उरलेला दुसऱ्या कॅन्युलातून पुन्हा आतड्यात सोडतात. तो परत सोडला नाही तर आतड्यात ट्रिप्सिन कमी पडते, मघाशी सांगितलेला लगाम सुटतो, आणि मग मोजले जाते ते प्रयोगाने निर्माण केलेले स्रवण. शिवाय जनावर बायकार्बोनेट व पाणी गमावून खंगते ते वेगळेच.

पचन मोजण्यासाठी लहान आतड्याच्या शेवटी टी-आकाराची कॅन्युला बसवतात. शेणावरून प्रथिनांचे पचन काढले तर ते फसवे ठरते, कारण मोठ्या आतड्यातले जंतू मधल्या मध्ये हिशेब बदलून टाकतात. परीक्षेत हा प्रश्न येतो, एवढे सांगून ठेवतो.

जाता जाता : माणसाचे स्वादुपिंड निकामी झाल्यावर जेवणाबरोबर ज्या विकरांच्या कॅप्सूल दिल्या जातात, त्यांतले पॅनक्रिआटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेले असते.

संभाजीनगर हायवे

आमच्या शेडवर हॉटेलांतून आणि मंगल कार्यालयांतून उरलेले अन्न येते. लग्नसराईत चार दिवस पुरी, जिलेबी, तेलकट रस्सा, तर पुढचे काही दिवस नुसता भात आणि पोळ्या, आणि अधूनमधून काहीच आले नाही की मक्याचा भरडा. जिलेबीच्या दिवसांनंतर हमखास हगवण लागते. आम्ही आजवर ते अन्न शिळे असल्यामुळे होते असे धरून चाललो होतो.

पशुवैद्यक उदगीर

शिळेपणा हे एक कारण असू शकते, पण एवढ्या टोकाच्या अदलाबदलीत ताजे अन्नही बाधेल. भात-पोळीवर असताना स्वादुपिंडाचा कल अमायलेजकडे झुकलेला असतो. त्यावर एके दिवशी अचानक तेलाचा मारा झाला तर लायपेज आणि पित्त दोन्ही अपुरे पडतात, न पचलेले तेल पुढे सरकते आणि हगवण लागते. आठवडाभरात लायपेज वाढू लागते तोवर लग्नाचा मुहूर्त संपलेला असतो आणि पुन्हा भात सुरू होतो. असे जनावर कायम मागच्या आठवड्याच्या खुराकासाठी तयार असते.

उपाय साधा आहे. भरडा, भाजलेले सोयाबीन आणि खनिज मिश्रण हा रोजचा निम्म्याहून अधिक पाया कायम ठेवावा आणि हॉटेलचे अन्न त्यावर मर्यादित प्रमाणात घालावे. वर तरंगणारे तेल काढून टाकावे. आणि ते अन्न उकळल्याशिवाय देऊ नये, हे पचनापेक्षाही महत्त्वाचे. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर आलेला आहे, त्यावर औषध नाही, आणि उष्ट्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यातूनही तो शेडमध्ये शिरू शकतो. अन्न किमान ९० अंश सेल्सिअसला ढवळत तासभर ठेवावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

पनीरवाले

दूध तोडलेल्या पिल्लांना आम्ही पनीरचे पाणी देतो आणि त्यांना ते मानवते, पण तेच मोठ्या डुकरांना भरपूर दिले की त्यांची पोटे बिघडतात. उलटे व्हायला हवे होते, असे वाटते.

पशुवैद्यक उदगीर

वयानुसार विकरे बदलतात, त्याचेच हे उदाहरण आहे. जन्मतः पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर तोडणारे लॅक्टेज भरपूर असते आणि पुढे ते घटत जाते. पिष्ट व साधी साखर तोडणारी विकरे आरंभी नगण्य असतात आणि आठवड्यागणिक वाढतात. मोठ्या डुकराने एकदम बादलीभर पनीरचे पाणी प्यायले तर न तुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. थोडे थोडे वाढवत नेले तर तीही सवय होते.

पिल्लांच्या बाबतीत त्या पाण्याचा आणखी एक फायदा आहे. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल फारसे स्रवत नाही. दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू ती उणीव भरून काढतात. दूध तुटले की तो आधार जातो, आणि स्वतःचे आम्ल पुरेसे स्रवू लागायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात जठराचा सामू (पीएच) वर राहतो, म्हणजे आम्लता कमी पडते, पेप्सिन नीट काम करत नाही आणि रोगजंतू जठर ओलांडून जातात. अशा पिल्लांच्या खुराकात चुनखडी सढळ हाताने घालणे म्हणजे असलेले थोडे आम्लही मारून टाकणे होय. कॅल्शियम लागते तेवढेच द्यावे. आंबट ताक किंवा पनीरचे पाणी, ताजे असेल तर, या वयात उपयोगी पडते.

मांजराकाठ

भट्टीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे भाजलेल्या मालाची हळदीच्या पट्टीवर परीक्षा घेतली. कच्च्याची पट्टी विटकरी झाली, भाजलेल्याची पिवळी राहिली. आता आठवडाभरात कच्चा भरडा टप्प्याटप्प्याने काढून त्याच प्रमाणात भाजलेला घालायचा बेत आहे. याच प्रमाणात विक्रीपर्यंत चालू ठेवावे काय?

पशुवैद्यक उदगीर

५०-६० किलोपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही. त्यानंतर प्रथिनांची गरज टक्केवारीने उतरते, म्हणून प्रमाण सहाव्या-सातव्या हिश्श्यावर आणावे. दुसरे कारण तेलाचे. अख्ख्या सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असते, आणि डुकराच्या चरबीत खाल्लेले तेल बरेचसे जसेच्या तसे उतरते, त्यामुळे शेवटपर्यंत भरपूर सोयाबीन दिले तर चरबी मऊ, लिबलिबीत होते आणि खाटीक भाव पाडतो. शेवटच्या महिन्यात निम्मे सोयाबीन काढून त्या जागी डीओसी घातली तरी चालेल.

बदल केल्यावर पहिल्या आठवड्याच्या वजनावरून निष्कर्ष काढू नका, त्या काळात आतड्यातल्या मालाचेच वजन कमी-जास्त होते. एका कप्प्यातली तीच डुकरे, सकाळी खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर दर पंधरा दिवसांनी तोलावीत आणि किती खुराक लागला तेही शेजारी लिहून ठेवावे. आकडे हाती आले की येथेच टाका, मका आणि ज्वारीचे प्रमाण त्यावरून ठरवू.

फुटाण्यांची भट्टी

भाजलेले सोयाबीन गरम असताना पोत्यात भरू नका. आत घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी येते. भरडाही आठ-दहा दिवस पुरेल एवढाच काढावा, तेल उघडे पडल्यावर तो लवकर खवट होतो.

मांजराकाठ

तसेच करतो. पोत्यांखाली फळ्या टाकल्या आहेत. पहिल्या पंधरवड्याची वजने आली की लिहितो.